भरताना स्वच्छ, तीन आठवड्यांनी लोण्याचा वास: घरच्या बीअरमधले नकोसे वास आणि त्यांची कारणं

उकळी:
मंडळी, एका बॅचने कोड्यात टाकलं आहे. साधी फिकट एल (उबेत आंबवलेली बीअर) आहे. पेल माल्ट, म्हणजे अंकुरवून भट्टीत वाळवलेली फिकट बार्ली, थोडा गहू आणि स्वतःचा फारसा वास न सोडणारं एल यीस्ट. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबते तशी उतरते) १.०५० होती, फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, १९ अंश सेल्सिअसवर धरला होता. ग्रॅव्हिटी १.०१२ वर आली आणि तिथेच थांबली, रोज मोजूनही आकडा हलला नाही. मग ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे वासासाठी हॉप्सची फुलं न उकळता घातली, तेही त्याच तापमानाला. त्यानंतर प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत गॅस होण्यासाठीची, साखर घालून बाटल्या भरल्या. भरताना चाखली तेव्हा हॉप्सचा फळांसारखा वास आणि मागे हलका कडूपणा, एवढंच होतं.

बाटल्या खोलीच्या तापमानाला ठेवल्या आणि तीनेक आठवड्यांनी पहिली उघडली. ग्लास नाकाशी नेल्याबरोबर लोणी, बटरस्कॉचच म्हणा ना. घोट घेतल्यावर जिभेवर बुळबुळीत थर राहतो आणि हॉप्स त्याच्याखाली दबून जातात. आणखी दोन उघडल्या, त्यातही तेच.

भरताना नसलेला वास नंतर आला कुठून? आणि ही बॅच वाचेल का? तुमच्याकडे असे न सुटलेले वास असतील तर तेही इथेच लिहा, एका ठिकाणी राहतील.

फेस:
हे डायअसिटिलच, लोण्याचा वास देणारं द्रव्य, यात शंका नको. आणि भरल्यानंतर उगवलं म्हणजे मला तरी पेडिओकॉकसचा संसर्ग दिसतो. हा बॅक्टेरिया हॉप्सच्या कडूपणाला बऱ्यापैकी पुरून उरतो, ऑक्सिजन नसला तरी वाढतो आणि भरपूर डायअसिटिल सोडतो. नळी, भरायची तोटी, बाटल्यांचे तळ, यात कुठेतरी चिकटा राहिला असणार. माझं मत विचाराल तर बॅच ओतून द्या आणि प्लास्टिकच्या नळ्या बदला.

तळगाळ:
उकळी, ओतायची घाई अजिबात करू नका. वास ओळखता आला म्हणजे कारण कळलं असं होत नाही. डायअसिटिल तीन-चार वाटांनी येऊ शकतं आणि प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा आहे.

मुळात ते तयार कसं होतं ते बघू. यीस्ट व्हॅलिन हे ॲमिनो आम्ल बनवतं, तेव्हा मधल्या पायरीवर अल्फा-ॲसिटोलॅक्टेट तयार होतं. त्यातलं थोडं पेशीबाहेर गळतं. त्याला वास नसतो. बाहेर बीअरमध्ये ते आपोआप, यीस्टच्या मदतीशिवाय, डायअसिटिलमध्ये बदलत राहतं. गरमीत हा बदल लवकर होतो, थंडीत फार सावकाश. मग यीस्ट ते डायअसिटिल परत आत घेतं आणि त्याचं ॲसिटोइन आणि पुढे ब्युटेनडायॉल करून टाकतं. या दोघांचा वास एवढ्या प्रमाणात जाणवतच नाही.

आता तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की भरताना बीअर स्वच्छ लागली, म्हणजे त्या क्षणी डायअसिटिल नव्हतं. पण होऊ घातलेलं ॲसिटोलॅक्टेट आत होतं की नाही, ते जिभेला कळत नाही. पुढे ते बाटलीत बदललं असेल. फिकट बीअरमध्ये लिटरमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम डायअसिटिल झालं तरी बऱ्याच जणांना ओळखू येतं, त्यामुळे फार शिल्लक असायला लागतं असंही नाही.

तीन गोष्टी सांगा. बीअर आधीपेक्षा आंबट लागते का? ओतताना दाटसर, तार धरल्यासारखी दिसते का? आणि एक बाटली उघडून, ढवळून, गॅस पूर्ण घालवून आजची ग्रॅव्हिटी मोजा. गॅस राहिला तर बुडबुडे ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून गॅस जाईपर्यंत थांबा. माझ्या मते सगळ्यात जास्त हा शेवटचा आकडाच सांगेल.

मंदआच:
तळगाळ म्हणतात ते "होऊ घातलेलं" भरण्याआधी पकडायची सोपी चाचणी आहे. प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

फर्मेंटरमधून दोन छोट्या काचेच्या बरण्यांत नमुने घ्या, झाकणं लावा. एक तशीच ठेवा. दुसरी ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून वास घ्या. गरम केल्यामुळे ॲसिटोलॅक्टेटचं डायअसिटिल झटपट होतं, म्हणजे बाटलीत पुढे जे घडणार ते आजच नाकाला कळतं. दोन्हींत लोणी नसेल तर खुशाल भरा. फक्त गरम केलेल्यात असेल तर यीस्टचं काम बाकी आहे, थांबा. दोन्हींत असेल तर थांबाच, आणि फर्मेंटर दोन-तीन अंशांनी गरम करा.

बरण्या कोणत्या ते घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी अदलाबदल करून द्यायला सांगा. आपल्याला जे सापडावंसं वाटतं ते सापडतंच. आणि काही लोकांना डायअसिटिलचा वास येतच नाही, त्यामुळे दुसरं नाक असलेलं बरं.

फेस:
लेगरला, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बीअरला, हे सगळं मान्य. तिथे शेवटी १५ ते १८ अंशांवर दोन-तीन दिवस विश्रांती देतातच. पण १९ अंशांवर आंबलेल्या एलमध्ये यीस्टला साफसफाईला भरपूर वेळ आणि ऊब मिळालेली असते. ग्रॅव्हिटी थांबून काही दिवस गेले होते असं उकळीच सांगत आहेत. मग ॲसिटोलॅक्टेट उरलं कसं? म्हणून मी संसर्गावर ठाम आहे.

तळगाळ:
हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच आजचा आकडा हवा. मला संशय ड्राय हॉपिंगनंतरच्या घडामोडींचा आहे, पण आकड्याआधी बोलत नाही.

रात्रपाळी:
तोवर माझं विचारते. माझ्या बीअरला औषधाच्या डब्यासारखा, चिकटपट्टीसारखा वास येतो. गडद स्टाउट केली तरी येतो, फिकट केली तरी येतो. यीस्ट बदललं, काही फरक नाही. उपकरणं पातळ ब्लीचने धुते आणि नंतर नळाच्या पाण्याने विसळते.

मंदआच:
रात्रपाळीताई, उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. रेसिपी बदलली, यीस्ट बदललं आणि वास तोच राहिला, म्हणजे दोष सगळ्या बॅचमध्ये सारख्या असणाऱ्या गोष्टीत शोधायचा: पाणी, सॅनिटायझर, भांडी. एकाच बॅचला त्रास झाला असता तर त्या बॅचची प्रक्रिया तपासली असती. कुठलाही वास शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

हे क्लोरोफेनॉल आहेत. क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधल्या आणि यीस्टने केलेल्या फेनॉलशी जोडलं गेलं की ते बनतात आणि अब्जांशात काही भाग एवढ्यावरही नाकाला टोचतात. एकदा बनले की जात नाहीत. मुरवून, थंड करून, कशानेच नाही. म्हणून बनूच द्यायचे नाहीत.

पाण्यात नुसतं क्लोरीन असेल तर उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून बरंचसं निघून जातं. क्लोरामाइन मात्र तसं जात नाही. दोन्हींसाठी सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरा. कॅम्पडेनची, म्हणजे याच मेटाबायसल्फाइटची, एक गोळी चुरून साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते आणि काम काही मिनिटांत होतं. बीअरच्या सगळ्या पाण्याला हे करा, फक्त मॅशच्या (माल्ट भिजवायच्या) पाण्याला करून थांबू नका. आणि ब्लीच बंद करा. आम्लावर चालणारा, नंतर विसळायची गरज नसलेला सॅनिटायझर किंवा आयोडोफॉर घ्या.

तळगाळ:
यात एक जोड. औषधासारखा वास आणि लवंगेसारखा वास यांची गल्लत होते. लवंग म्हणजे ४-व्हिनिल ग्वायकोल. गव्हाच्या बीअरचं यीस्ट माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून ते मुद्दाम बनवतं आणि तिथे ते हवंच असतं. पण न्यूट्रल यीस्ट टाकलेल्या बीअरमध्ये लवंग आली तर बाहेरचं यीस्ट शिरलं असं समजा. क्लोरीन काढून ते बरं होणार नाही.

रात्रपाळी:
लवंग नाही, औषधच. पुढच्या वेळी वर्ट (माल्टचा न आंबलेला गोड काढा) एकच करते, पण पाणी दोन भांड्यांत वेगळं ठेवून, एकात गोळी आणि एकात नाही.

जाड_बूड:
मला उकडलेल्या मक्याचा वास यायचा, विशेषतः पिल्सनर माल्ट वापरलं की. डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस. उकळताना झाकण अर्धं लावायची सवय होती, ती सोडल्यावर वास गेला.

काचेची_बाटली:
झाकणाचं इतकं प्रस्थ आहे का खरंच? मी वर्ट झटपट थंड करत नाही, गरमच बंद डब्यात भरून रात्रभर ठेवते. मला मका कधी आला नाही.

तळगाळ:
दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण मूळ माल्टमध्ये आहे. बार्ली अंकुरताना एस-मिथाइलमेथिओनिन तयार होतं. माल्ट भट्टीत जितकं जास्त तापवतात तितकं ते कमी उरतं. म्हणून सगळ्यात फिकट पिल्सनर माल्टमध्ये ते जास्त आणि पेल एल माल्टमध्ये कमी. वर्ट उकळताना त्याचं डीएमएस होतं आणि ते वाफेबरोबर उडून जातं. डीएमएसचा उत्कलनबिंदू फक्त ३७ अंश आहे, पण वाफ झाकणावर जमून परत भांड्यात पडली तर ते जाईल कुठे? पूर्ण उकळीवरही मूळ द्रव्य निम्मं व्हायला ३५ ते ४० मिनिटं लागतात, म्हणून पिल्सनर माल्टला ९० मिनिटं उघडी, खळखळती उकळी देतात. गॅस बंद केल्यावर वर्ट गरम राहिलं तरी डीएमएस बनणं चालूच राहतं, फक्त आता ते उडून जात नाही. काचेची_बाटली, तुमचं माल्ट बहुधा पेल एलचं असेल. पिल्सनर माल्टने एकदा तसंच करून बघा, मग बोलू.

काचेची_बाटली:
हो, पेल एलचंच आहे. कळलं.

माझ्या नावाला जागून एक सांगते: बाटल्या उजेडात ठेवू नका. हॉप्समधून आलेली आयसोह्युम्युलोन ही कडू द्रव्यं रायबोफ्लेविनच्या (बी-२ जीवनसत्त्वाच्या) साथीने उजेडात तुटतात आणि गंधकाचं एक संयुग बनतं, ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायोल. लिटरमागे काही नॅनोग्रॅमवरही त्याचा उग्र दर्प येतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी फारच कमी, बिनरंगी जवळपास नाहीच. उन्हात तर पारदर्शक ग्लासमधली बीअर पिता पिता बिघडते.

उकळी:
आकडे आणले. ग्रॅव्हिटी १.००८! दोनदा मोजली, दोन वेगळ्या बाटल्यांतून, गॅस पूर्ण घालवून. आंबटपणा नाही. दाटपणा नाही, तार धरत नाही. वर पापुद्राही नाही. पण झाकण उघडताना फसफस आधीपेक्षा जोरात आहे, तिसऱ्या बाटलीचा फेस तर मानेतून बाहेर आला.

तळगाळ:
उकळी, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे करा: सगळ्या बाटल्या आत्ता थंड जागी हलवा. जाड कापड, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे. हलवताना आपटू नका.

कारण सांगतो. ग्रॅव्हिटी ०.००४ ने उतरली. दर ०.००१ मागे बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अर्ध्या पटीएवढा कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणजे तुम्ही प्रायमिंगने जे काही दिलं त्यावर आणखी दोन पट. प्रायमिंगचं नेहमीचं माप अडीच पटीच्या आसपास असतं, तुम्ही आता साडेचारजवळ आहात. साध्या काचेच्या बाटलीला तीनच्या फार पुढे नेऊ नये. फुटली तर काच जोरात उडते. थंडीत वायू जास्त विरघळतो, दाब उतरतो आणि आंबणंही थांबतं.

बाटल्या थंड झाल्या की कळवा, मग वासाकडे वळू.

उकळी:
हलवल्या. सगळ्या शाबूत आहेत. धन्यवाद, हे लक्षातच आलं नसतं.

तळगाळ:
हुश्श. आता कारण. माझा संशय हॉप क्रीपवर आहे. हॉप्सच्या फुलात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स थोडी असतात. वर्टमध्ये हॉप्स उकळले की ती मरतात, पण ड्राय हॉपिंगला आपण हॉप्स न उकळता घालतो. बीअरमध्ये यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखळ्या, डेक्स्ट्रिन, उरलेल्या असतात. ही एन्झाइम्स त्या तोडून पचणारी साखर मोकळी करतात. झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं, आंबणं सुरू, आणि त्याबरोबर नवं ॲसिटोलॅक्टेट. पुढे डायअसिटिल. फेस यांनी विचारलं होतं की १९ अंशांवर आंबलेल्या एलमध्ये ते उरलं कसं. उरलं नाही, दुसऱ्यांदा बनलं.

हे नवं नाही. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच ड्राय हॉपिंगमुळे आंबणं पुन्हा सुरू होतं, हे हॉप्समधल्या एन्झाइमशी जोडून लिहिलं होतं. हॉप्सचा भरमसाट वापर सुरू झाला तेव्हा हा विषय परत वर आला.

फेस:
पटण्यासारखं आहे, पण ग्रॅव्हिटी उतरायला दुसरं कारणही आहे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचाच, म्हणजे एल यीस्टच्याच जातीचा, डायस्टॅटिकस प्रकार. तो स्वतः ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम सोडून डेक्स्ट्रिन खातो आणि बाटल्या फोडतो. तो कसा वगळणार?

तळगाळ:
छान प्रश्न. डायस्टॅटिकस सावकाश चालतो पण थांबत नाही, आकडा १.००० च्या आसपास किंवा खालीही नेतो. त्यातले बहुतेक लवंगेसारखा फेनॉलही करतात. इथे लवंगेचा उल्लेख नाही. तरी एवढ्यावर शिक्का मारू नये. उकळी, ड्राय हॉपिंग न केलेली याच बॅचची एखादी बाटली आहे का?

उकळी:
आहे! ड्राय हॉपिंगच्या आधी चार बाटल्या भरून ठेवल्या होत्या, नुसत्या माल्टची चव बघायला. त्याच नळीने, त्याच दिवशी धुतलेल्या बाटल्यांत, तेवढीच साखर घालून. त्याही इतरांबरोबरच ठेवल्या होत्या. आज रात्री उघडते.

मंदआच:
ही तर सोन्यासारखी तुलना आहे. तीन ग्लास घ्या, दोनांत एक प्रकार आणि एकात दुसरा, ओतणारी व्यक्ती वेगळी. कोणता वेगळा ते आधी ओळखा, नाव नंतर द्या.

उकळी:
उघडल्या. ड्राय हॉपिंग नसलेल्या बाटलीत ग्रॅव्हिटी १.०१२, लोणी अजिबात नाही, गॅस अगदी माफक. तीन ग्लासांत वेगळा ग्लास दोघांनीही पहिल्या वासालाच ओळखला.

फेस:
मग माझा पेडिओकॉकस गेला आणि डायस्टॅटिकसही. एकाच यीस्टची, एकाच नळीतून भरलेली बीअर आणि फरक फक्त हॉप्सचा. नळ्या टाकू नका, उकळी.

उकळी:
आता वाचवायची कशी? यीस्टनेच डायअसिटिल परत खायचं तर ऊब हवी, पण ऊब दिली तर दाब वाढतो.

तळगाळ:
म्हणून आधी दाब उतरवायचा. बाटल्या अगदी गार असताना, चष्मा लावून, झाकण किंचित उचला, सुस्कारा निघू द्या आणि परत दाबा. फेस मानेपर्यंत चढला असेल त्याच क्षणी नवं झाकण बसवा, म्हणजे वरची हवा फेसाने बाहेर ढकललेली असते आणि ऑक्सिजन कमी शिरतो. हे दोन-तीनदा, मधे काही तास जाऊ देऊन. मग बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात घालून १८ ते २० अंशांवर ठेवा. रोज एक बाटली थंड करून ग्रॅव्हिटी आणि वास दोन्ही बघा. आकडा आणखी उतरला तर परत थंड आणि परत सुस्कारा. तळाशी जिवंत यीस्ट आहे, ते डायअसिटिल खाईल.

हॉप्सचा वास मात्र थोडा जाईल, ते आधीच सांगतो. प्रत्येक उघडझाकीत थोडा ऑक्सिजन शिरतोच आणि हॉप्सवाल्या बीअरला तोच सगळ्यात जास्त लागतो. आधी फळांचा वास ओसरतो, रंग काळवंडतो, पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा शिळेपणा येतो. म्हणून या बाटल्या फार साठवू नका.

जाड_बूड:
आणि पुढच्या बॅचला?

तळगाळ:
ड्राय हॉपिंगनंतर लगेच भरायचं नाही, हे पहिलं. हॉप्स घातल्यावर पुन्हा ग्रॅव्हिटी मोजायची, ती स्थिर झाली की मंदआच यांची गरम-थंड बरण्यांची चाचणी करायची आणि ती स्वच्छ आली तरच भरायचं. किंवा यीस्ट खाली बसवून, १० अंशांच्या आसपास गार करून हॉप्स घालायचे आणि लवकर काढायचे, म्हणजे एन्झाइम मंदावतात. पण ती बीअर पुढे गरम जागी बाटलीत मुरवणार असाल तर हा मार्ग अपुरा आहे, कारण एन्झाइम मेलेली नसतात. घरी बाटलीतच गॅस करणाऱ्यांनी पहिलाच मार्ग धरावा असं मला वाटतं. ॲसिटोलॅक्टेट डिकार्बोक्सिलेज हे एन्झाइमही मिळतं, एएलडीसी नावाने. ते ॲसिटोलॅक्टेटचं थेट ॲसिटोइन करतं, मधे डायअसिटिल येतच नाही. पण ते डायअसिटिल आवरतं, साखर तुटणं आवरत नाही. बाटलीतला दाब तसाच वाढेल.

रात्रपाळी:
मधे येते, पण माझा निकाल लागला. गोळी घातलेल्या भांड्यातली बीअर पूर्ण स्वच्छ. न घातलेल्यातली अजून औषधीच, पण पहिल्यापेक्षा खूप सौम्य, कारण या वेळी दोन्हींना ब्लीच लावलंच नव्हतं. म्हणजे पाण्याचा आणि ब्लीचचा, दोन्हींचा वाटा होता.

मंदआच:
सुंदर. आता पाण्याला गोळी कायम.

उकळी:
दोनदा सुस्कारा काढून बाटल्या १९ अंशांवर ठेवल्या होत्या. ग्रॅव्हिटी १.००७ वर येऊन थांबली आहे. लोणी रोज थोडं थोडं उतरत गेलं, काल गरम-थंड चाचणीत दोन्ही बरण्या सारख्या लागल्या. जिभेवरचा बुळबुळीत थरही नाही. हॉप्सचा वास पूर्वीचा नाही, पण कडूपणाबरोबर थोडा संत्र्याच्या सालीसारखा उरला आहे. बाटल्या सगळ्या थंड करून टाकल्या. पुढच्या बॅचला हॉप्स घातल्यावर ग्रॅव्हिटी मोजून इथेच आकडे टाकते.

तळगाळ:
टाका. आणि हॉप्स किती ग्रॅम, कोणत्या तापमानाला आणि किती दिवस, तेही लिहा. ग्रॅव्हिटी किती उतरते ते या तिन्हींवर हलतं.